आळीपाळीने

नकाशाबाई सरकारी शाळेत भूगोल शिकवायच्या. हे नाव त्यांना मुलांनी दिलेलं, आणि ते त्यांच्या पाठीमागे जितकं चालायचं तितकंच तोंडावरही, कारण बाईंना ते मनातून आवडायचं. पुस्तकाकडे न बघता त्या फळ्यावर एका दमात अख्ख्या खंडाची किनार ओढायच्या, खडू मध्ये कुठे उचलायच्या नाहीत. नवीन मुलं तोंडात बोट घालून बघत राहायची. जुनी मुलं नव्यांकडे अशा काही ऐटीत बघायची, जणू तो नकाशा त्यांनीच काढलाय.

शाळा दोन मजल्यांची. खालचे वर्ग बाजाराच्या अंगाला, वरचे एका गोदामाच्या भिंतीला लागून. वरच्या वर्गांत दुपारीही दिवा लावावा लागायचा, आणि दिवा असेल तर पंखा बंद, पंखा असेल तर दिवा मंद, असा तिथला कारभार. जिना अरुंद होता. मधली सुट्टी झाली की त्या जिन्यावरून मुलं खाली यायची नाहीत, सांडायची.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांचे मिस्टर, दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मिस्टर पोस्टातून निवृत्त झालेले, गमतीशीर माणूस. बाई शाळेतून आल्या की चहाचा कप पुढे ठेवून विचारायचे, "आज पृथ्वी गोलच आहे ना? की काही बदल?" बाई बहुतेक वेळा हसायच्या. ज्या दिवशी हसायच्या नाहीत, त्या दिवशी मिस्टर दुसरा प्रश्न विचारायचे नाहीत.

शाळेत टॅब आले त्या दिवशी बाई दात काढायला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन त्या शिक्षकांच्या खोलीत शिरल्या, तेव्हा कळलं की कालच्या बैठकीत टॅबचं काम एकमताने त्यांच्या गळ्यात पडलंय. त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. बाईंनी विरोध केला नाही, असं मुख्याध्यापकांनी धरून टाकलं.

टॅब काही सगळ्यांना पुरतील इतके नव्हते. तिघांत एक यायचा, कुठे चौघांत एक. गावाच्या त्या अंगाला, मोठ्या रस्त्यापलीकडे एक नमुना शाळा होती, तिथे प्रत्येक मुलाला एक मिळाला होता म्हणे. या शाळेच्या वाट्याला जे आलं ते मुख्याध्यापकांनी आधी लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. माणूस वाईट नव्हता. नोकरी संपत आलेली, आणि एवढ्या वर्षांत अंगाला डाग लागलेला नाही याचंच त्यांना समाधान. वस्तू फुटली तर उत्तर कोण देणार, हा त्यांचा एकच प्रश्न. बाई रोज सकाळी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, हात पुढे करायच्या. शेवटी मुख्याध्यापकांनी कंटाळून किल्ली दिली.

त्यांच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर, कपाटाएवढ्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करायचे. मुलीला लहानपणापासून कमी दिसायचं, आणि जे दिसायचं तेही कडेकडेने विझत चाललं होतं. चष्म्याचा उपयोग नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबणारं नाही, किती वर्षं लागतील तेवढंच सांगता येत नाही. वडिलांनी आपल्याकडचं एक जाड भिंग तिला देऊन टाकलं होतं. ते डोळ्याला लावून, नाक पानाला टेकवून ती एकेक अक्षर वेचायची. मुलं तिला 'भिंग' म्हणायची. आधी चिडवायला म्हणायची, मग सवयीने. पुढे पुढे ती स्वतःच वहीवर तेच नाव टाकायला लागली.

दुबळी, गरीब गाय वगैरे ती अजिबात नव्हती. तोंडाने फटकळ. कुणी वाट दाखवायला हात धरला की हात झटकायची. एक पान वाचून होईपर्यंत वर्गाचा धडा संपलेला असायचा, म्हणून प्रश्नाचं उत्तर यायचं नाही, आणि उत्तर येत नाही हे कळू नये म्हणून ती आधीच काहीतरी उद्धट बोलून बाकावर उभी राहायची. शिक्षकांच्या खोलीत तिच्याबद्दल मत ठरलेलं होतं: पोरगी हट्टी आहे, आणि डोक्यात काही शिरत नाही. नकाशाबाईंचंही फार वेगळं मत नव्हतं.

टॅब वर्गात आले आणि मुलांनी तीन-तीन डोकी एकत्र करून त्यावर माना घातल्या. भिंगच्या हाती टॅब आला तेव्हा तिने तो सवयीने नाकाशी धरला. दोन्ही हातांच्या मुठीत कडेची बटणं दाबली गेली, आणि टॅब बोलायला लागला. आवाज बाईचा होता, पण सर्दी झालेल्या बाईचा, आणि 'पर्जन्यमान' हा शब्द तिने असा काही मोडला की वर्ग हसून लोळला. बाई धावत आल्या. त्यांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आवाज काही बंद होईना.

भिंगने त्यांचं मनगट धरलं.

"बाई, बंद नका करू," ती म्हणाली. "ती वाचतेय."

बाईंनी हात काढून घेतला. त्या टॅबवर अक्षरंही मोठी करता यायची, हव्या तेवढ्या आकाराची, काळ्यावर पांढरी. पुढच्या काही दिवसांत ते सगळं त्या पोरीने स्वतः शोधून काढलं. एके दिवशी तास संपल्यावर ती जागची उठली नाही. टॅबवर तिने नकाशा उघडला होता आणि तो ताणून ताणून एवढा मोठा केला होता की पडद्यावर किनाऱ्याचा एक तुकडाच मावत होता. तो तुकडा ती बोटाने पुढे सरकवत होती, सगळ्या खंडाच्या कडेकडेने.

"तुम्ही फळ्यावर काढता ते हे आहे?" तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, हो, हेच. मग त्यांच्या लक्षात आलं की ही मुलगी गेल्या वर्षीही त्यांच्याच वर्गात होती.

"मग तू इतके दिवस काय बघत होतीस?"

"तुमचा हात हलायचा ते दिसायचं. खडूचा आवाज यायचा. बाकीचे 'वा' म्हणायचे, तेव्हा मीही म्हणायचे."

बाई त्या दिवशी घरी गेल्या तेव्हा मिस्टरांनी पृथ्वीची चौकशी केली आणि बाई हसल्या नाहीत. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी काही सांगितलं नाही. मग ताटावर बसल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं, माझा नकाशा सगळ्या वर्गाला दिसतो."

त्यानंतर बाईंनी एक टॅब भिंगला देऊन टाकला. दिवसभर तिच्याकडे, आणि संध्याकाळी घरीही. कुणाला विचारलं नाही, मुख्याध्यापकांनी कानाडोळा केला. त्या काही महिन्यांत पोरगी ओळखू येईना. त्या सर्दीवाल्या बाईला तिने इतकं भरभर बोलायला लावलं की दुसऱ्या कुणाला त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. ती मात्र मान कलती करून शांत ऐकायची आणि मध्येच हसायची. पुस्तकं संपवली, पुढच्या इयत्तेचीही संपवली. स्वभाव काही सुधारला नाही. उलट आता उत्तरं येत होती, त्यामुळे तिला शिंगं फुटली. गणिताच्या सरांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला घेतलं की ही मागून उत्तर सांगून मोकळी. सर वैतागून म्हणाले, आधी बरी होती. बाईंना मनातून हसू यायचं. नोकरीची ती शेवटची काही वर्षं, आणि एवढं सुख त्यांना आधी फारसं मिळालं नव्हतं.

मग एका दुपारी इस्त्रीवाली आली.

शाळेच्या समोरच्या गल्लीत तिची इस्त्रीची गाडी होती. नवरा नव्हता. मुलगा भिंगच्याच वर्गात, शांत, गणितात फार हुशार. तिच्या काखेत कपड्यांचं गाठोडं होतं आणि ते तिने खाली ठेवलं नाही. तिने आवाज चढवला नाही. तिचं म्हणणं असं होतं की एक टॅब त्या मुलीला गेल्यापासून तिच्या मुलाच्या गटात चारजण झालेत, आणि त्यातले दोघं दांडगे. याच्या हाती टॅब येतो तेव्हा तास संपलेला असतो. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा आहे आणि ती कागदावर होत नाही, टॅबवरच होते, असं तिने ऐकलंय.

बाईंनी तिला समजावून सांगितलं. मुलीचे डोळे, डॉक्टर, सगळं. इस्त्रीवालीने ऐकून घेतलं.

"तिला दिसत नाही याचं मला वाईट वाटतं, बाई. खरंच वाटतं," ती म्हणाली. "पण माझ्या पोराला दिसतं, हा काय त्याचा गुन्हा झाला? आमच्या घरी बटणांचा फोन आहे. त्याला जे मिळायचं ते इथेच मिळणार. दुसरीकडे कुठे नाही."

बघते, एवढंच बाई म्हणाल्या. इस्त्रीवालीने गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि ती गेली. तक्रार करायला ती कुणाकडे गेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. तक्रारीची गरजच पडली नाही. महिन्याभरात तपासणीला साहेब आले, त्यांनी वर्गात एका मुलाला सहज विचारलं, टॅब वापरायला मिळतो का? मुलगा खरं बोलला. म्हणाला, आम्हाला पाळी आल्यावर मिळतो, भिंगला रोज मिळतो.

साहेबांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंना बोलावलं. चांगले बोलले, खुर्ची दिली. म्हणाले, हेतू समजतो. पण टॅब शाळेच्या मुलांचे आहेत, एका मुलीचे नाहीत. यापुढे आळीपाळीने, प्रत्येकाला सारखा वेळ, आणि कुठलाही टॅब शाळेबाहेर जाणार नाही. बाई म्हणाल्या, सारखा वेळ दिला तर तो तिला सारखा पडत नाही. बाकीच्यांना टॅब नसेल तर पुस्तक आहे, फळा आहे. तिला काहीच नाही.

"मी एकीसाठी नियम वाकवला," साहेब म्हणाले, "तर उद्या प्रत्येक शाळेत कुणाचा तरी पुतण्या आंधळा निघेल. तुम्ही दाखला आणा. दाखला असेल तर तिच्यासाठी वेगळा टॅब मागता येतो."

दाखल्यासाठी बाई आणि घड्याळजी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टर नव्हते, दुसऱ्यांदा यंत्र बंद होतं. शेवटी तपासणी झाली. डॉक्टर तरुण होता, थकलेला. त्याने सांगितलं की दाखल्यासाठी जेवढी दृष्टी गेलेली असावी लागते, तेवढी अजून गेलेली नाही. थोडी कमी पडते.

"पण जाणार आहे ना?" घड्याळजींनी विचारलं. "तुम्हीच म्हणता जाणार आहे."

"आज जितकं दिसतं तितकंच मी लिहू शकतो," डॉक्टर म्हणाला. "उद्याचं आज लिहिता येत नाही."

बाहेरच्या बाकावर भिंग बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. परतताना ती वडिलांना म्हणाली, "म्हणजे मला अजून जास्त दिसतं. पेढे वाटा." घड्याळजी हसण्याचा प्रयत्न करत राहिले. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, तरीही.

आठवड्यातून एक तास, अशी तिची पाळी ठरली. वर्गातल्या मुलांनी सुरुवातीला आपल्या पाळ्या तिला देऊन टाकल्या. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांनी दिल्या, मोठ्या कौतुकाने, एकमेकांना दाखवून. नंतर थोड्यांनी. मग एखाद्याने. मुलांना दोष देता येत नाही, त्यांनाही ते सगळं हवंच होतं. सगळ्यात जास्त दिवस पाळी दिली ती इस्त्रीवालीच्या मुलाने, आणि आईला सांगितलं नाही. मग परीक्षा जवळ यायला लागली, तेव्हा एक दिवस तो भिंगच्या बाकाशी येऊन उभा राहिला आणि त्याला बोलता येईना. तिनेच सांगितलं, "जा, घे. मला काही नकोत तुझे उपकार." आणि टॅब त्याच्या हातात कोंबला.

पोरगी पुन्हा भिंगावर आली. आता तर भिंगातूनही पूर्वीइतकं दिसत नव्हतं. ती तासाला डोकं बाकावर ठेवून बसायची. उद्धटपणा संपला होता, आणि बाईंना तेच सहन होईना.

तेव्हा बाईंनी जे करायचं नाही तेच केलं. शाळा सुटल्यावर कपाटाला कुलूप लावताना त्या एक टॅब आपल्या पिशवीत टाकायच्या आणि घरी न जाता सरळ घड्याळाच्या दुकानात जायच्या. दुकानात तिघांना बसायला जागा नव्हती. घड्याळजी उठून बाहेर फळीवर बसायचे, आत बाई आणि भिंग. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टांगलेली, सगळी एकदम टिकटिकायची. टॅब बोलायला लागला की घड्याळजी आत हात घालून एकेका घड्याळाचा लंबक बोटाने थांबवायचे, म्हणजे तिला नीट ऐकू यावं. वाचन संपलं की ती सगळी पुन्हा चालू करून वेळेवर लावायला त्यांना बराच वेळ जायचा. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. बाई तिच्याशेजारी बसून वह्या तपासायच्या. अंधार पडायच्या आत टॅब पिशवीत घालून घरी, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत येऊन पुन्हा कपाटात. मिस्टरांना हे माहीत होतं. एकदा म्हणाले, "पोस्टात असं कुणी केलं असतं तर आम्ही त्याला चोर म्हटलं असतं." बाई म्हणाल्या, "मग मला म्हणा." दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी पिशवीला आतून जाड अस्तर शिवून दिलं.

अस्तराचा उपयोग झाला नाही. पावसाळी सकाळ होती. शाळेचा जिना ओला, आणि मुलं लवकर आलेली. वरून धावत येणाऱ्या एका पोराला वाट द्यायला बाई कठड्याला टेकल्या, पिशवी खांद्यावरून निसटली आणि पायऱ्या मोजत खाली गेली. टॅब बाहेर काढला तेव्हा काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाळं झालं होतं. आत काही उजळत नव्हतं.

बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि होतं ते सांगितलं. मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं. त्यांना बाईंची कीव आली होती, आणि स्वतःचीही.

"वर्गात पडला म्हणा," ते म्हणाले. "मुलं आहेत, पडतो हातून. कुणाला काही होत नाही."

बाईंनी मान डोलावली. हे लपवून चालत नाही, हे त्यांना कळत होतं. पण त्या क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. तसंच कळवण्यात आलं. दोन दिवसांनी साहेबांच्या कचेरीतून विचारणा झाली, की कोणाची पाळी असताना पडला? तो टॅब त्या दिवशी ज्या गटाकडे असायला हवा होता, त्यात पहिली पाळी इस्त्रीवालीच्या मुलाची होती. मुख्याध्यापक म्हणाले, त्याचं नाव गेलं तर काही बिघडत नाही, एखादी ताकीद देतील, त्याला टॅब देऊ नका म्हणतील थोडे दिवस. बाई म्हणाल्या, थोडे दिवस म्हणजे परीक्षेपर्यंत. आणि त्या कचेरीत जाऊन खरं काय ते सांगून आल्या.

त्याचा परिणाम लगेच दिसला. बाईंकडून टॅबचं काम काढून घेतलं आणि चौकशी लागली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सगळे टॅब कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपावर कागद चिकटवलेला. आता पाळीचा प्रश्नच उरला नाही. सगळ्या मुलांना अगदी सारखं मिळत होतं.

भिंगला हे कळलं तेव्हा तिने बाईंना गाठलं, शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर.

"तुम्ही खरं कशाला सांगितलंत?"

"दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं ते."

"गेलं असतं तर काय झालं असतं त्याला? ओरडा बसला असता. आणि मला काय झालं ते बघा." तिचा आवाज फुटला. "त्याला उद्याही दिसणार आहे."

तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं बाईंना वाटलं, पण ती हात झटकेल हे त्यांना ठाऊक होतं. पुढे कित्येकदा त्यांनी मिस्टरांना विचारलं, की मी चुकले का. मिस्टर दरवेळी म्हणायचे, नाही. आणि दरवेळी थोडं थांबून म्हणायचे.

वर्ष संपता संपता भिंगची राहिलेली दृष्टी झपाट्याने गेली. आता दाखला मिळाला. दाखला घेऊन वेगळ्या टॅबसाठी अर्ज केला, तर कळलं की शाळेची चौकशी चालू असताना शाळेला नवीन वस्तू देता येत नाही. दुसऱ्या शहरात अंध मुलांची निवासी शाळा होती. तिथे बोलणारी यंत्रं होती, शिकवणारी माणसं होती. बाईंनीच घड्याळजींना तिथलं सुचवलं. घड्याळजींची बायको आतून म्हणाली, "आजवर शेजारच्या गल्लीत एकटी सोडली नाही तिला." तरी शेवटी पाठवायचं ठरलं. भिंगला विचारलं, तर ती म्हणाली, पाठवा कुठे पाठवायचं ते. निघायच्या दिवशी बाई बसथांब्यावर गेल्या. भिंगने नमस्कार केला, नीट, शिकवल्यासारखा, आणि बसमध्ये चढताना पहिल्यांदाच वडिलांचा हात धरू दिला.

इस्त्रीवालीच्या मुलाने परीक्षा दिली. मोठ्या रस्त्यापलीकडच्या त्या नमुना शाळेत केंद्र होतं, प्रत्येकाला एकेक टॅब. तिथली मुलं बसल्या बसल्या कामाला लागली. याच्या हातात कित्येक महिन्यांनी टॅब आला होता. मागच्या प्रश्नाकडे परत कसं जायचं ते याला सापडेना, विचारायची सोय नव्हती, आणि जे सोडवलं त्यातलंही काही टॅबवर जतन करायचं राहून गेलं. बाहेर आला तेव्हा आईने विचारलं, अवघड होतं का? तो म्हणाला, गणितं सोपी होती.

त्यानंतर बाई आणि इस्त्रीवाली दोघी मिळून साहेबांच्या कचेरीत चकरा मारायला लागल्या. कशा एकत्र आल्या ते दोघींनाही सांगता आलं नसतं. एक दिवस इस्त्रीवाली शाळेच्या फाटकाशी बाईंना म्हणाली, "खरं सांगून तुम्ही माझ्या पोराचं नाव वाचवलंत, हे मला कळलं. पण त्याचं वर्ष नाही वाचलं." बाई म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर, हे साहेबांना सांगा." मग दोघी जात राहिल्या. कपाट उघडा आणि मुलांना पुरतील एवढे टॅब द्या, एवढी त्यांची मागणी. कचेरीच्या व्हरांड्यात एक बाक होता, त्याचा एक पाय आखूड. दोघी बसल्या की तो एकीकडे कलायचा, म्हणून बाई एका टोकाला आणि इस्त्रीवाली दुसऱ्या टोकाला बसायची. आत गेल्यावर साहेब म्हणायचे, कागद वर पाठवलाय. मध्ये साहेब बदलले. नवीन साहेबांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. त्यांनीही वर पाठवला.

पुढच्या वर्षी इस्त्रीवालीचा मुलगा शाळा सोडून मामाच्या वर्कशॉपमध्ये लागला. आईने बाईंना हे सांगितलं ते कचेरीच्या त्याच बाकावर, समोर बघत. म्हणाली, त्याचं मन उडालं. मी फार समजावलं नाही, खोटं कशाला बोलू, घरी हात कमी पडत होते. बाईंनी विचारलं, मग आता तुम्ही इथे कशाला येता? ती म्हणाली, "सवय लागली."

बाई त्या सुमारास एकदा भिंगला भेटायला गेल्या. निवासी शाळा स्वच्छ होती, व्हरांड्याला दोऱ्या बांधलेल्या, मुली दोरीला हात लावून सरसर चालत होत्या. भिंग उंच झाली होती. चांगलं चाललंय म्हणाली. इथे प्रत्येकीला आपलं यंत्र आहे, कुणाला मागावं लागत नाही. पहिली आलेय म्हणाली. सगळी उत्तरं व्यवस्थित दिली, एकदाही फटकळपणा केला नाही. घरची आठवण येते का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की सुरुवातीला यायची, मग बाबा फोनवर रडायला लागले की मी फोन ठेवायचे. आता ते रडत नाहीत, फारसा फोनही करत नाहीत. मग घंटा झाली आणि ती दोरी धरून निघून गेली. परतीच्या गाडीत बाईंच्या मनात आलं की ती आता आपल्याशी कधीच भांडणार नाही.

बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर काही महिन्यांनी चौकशी बंद झाली. निकाल काय लागला ते कुणी कळवलं नाही. कपाट उघडलं तेव्हा आतल्या बहुतेक टॅबच्या बॅटऱ्या फुगून पाठी उचकटल्या होत्या. मुख्याध्यापकही तोवर निवृत्त झाले होते. नव्यांनी ते सगळं भंगारात काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र नवीन खोके आले, आणि या वेळी प्रत्येक मुलामागे एक. अंध मुलांसाठी वेगळी सोय, घरी नेण्याची परवानगी, सगळं त्यात लिहिलेलं होतं. बाईंच्या जागी आलेल्या तरुण शिक्षिकेने मुद्दाम फोन करून कळवलं. आनंदात होती. तिला मागचं फारसं माहीत नव्हतं.

मिस्टर म्हणाले, "चल, पेढे आणू का?" बाईंनी मानेनेच नको म्हटलं आणि चपला घालून त्या इस्त्रीच्या गाडीकडे गेल्या.

दुपारची वेळ, गल्लीत शुकशुकाट. इस्त्रीवाली मोठ्या चादरी काढून बसली होती. बाईंनी बातमी सांगितली. तिने इस्त्री उभी केली.

"प्रत्येकाला एक?"

"हो. प्रत्येकाला."

"बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या पोरीचं कसं चाललंय?"

"पहिली येते."

"तिला सांगा, माझ्या मुलाने विचारलंय." मग स्वतःशीच मान हलवली. "त्याने विचारलेलं नाही. तो आता काहीच विचारत नाही. पण तुम्ही सांगा तसं."

बाई सांगते म्हणाल्या. गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती आणि चादरींचा ढीग तसाच होता. इस्त्रीवालीने एक चादर उचलली. बाईंनी तिची दोन टोकं धरली, दोघी मागे सरकल्या, चादर ताणली, आणि घडी घालायला एकमेकींकडे चालत आल्या.